झुडपी फुलचेरी: मुलांकडे परदेशी जाणाऱ्या खान्देशी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची शेतकरी माणसं पाच-सहा महिन्यांसाठी मुलाकडे किंवा लेकीकडे मिनेसोटाला, मिशिगनला, टोरोंटोला जातात. जन्मभर वावरात राबलेल्या माणसाला सोफ्यावर बसवत नाही. चार दिवसांत त्यांचा हात घरामागच्या अंगणाकडे वळतो. त्या अंगणात, नाही तर शेजारच्या, एक तांबूस-जांभळ्या पानांचं झुडूप हमखास असतं. वसंतात ते फिक्या गुलाबी फुलांनी भरतं, आणि मग प्रश्न सुरू होतात: हे काय आहे, छाटू का, खत घालू का, गावी नेऊ का? गेल्या काही वर्षांत मला सारखे विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हे झुडूप नेमकं कोणतं? चेरी म्हणजे खायचीच ना?

बहुतेक वेळा ते 'पर्पल लीफ सँड चेरी' असतं, शास्त्रीय नाव प्रुनस सिस्टेना. हे रानात सापडलेलं झाड नाही, संकर करून तयार केलेलं आहे. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात ब्रुकिंग्जच्या कृषी महाविद्यालयात नील्स हॅन्सन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी तांबड्या पानांचा चेरी-प्लम आणि तिथल्या माळरानातली बुटकी सँड चेरी यांचा संकर केला आणि १९१० साली हे झुडूप लोकांपुढे आणलं. हॅन्सन यांचा सगळा ध्यास एकच होता, कडाक्याच्या थंडीत टिकणारी झाडं आणि पिकं. त्यासाठी १८९७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने त्यांना रशिया आणि सायबेरियात पाठवलं होतं, आणि तिथून त्यांनी थंडी सोसणारा लसूणघासही आणला. आपल्याकडे दुधाच्या जनावरांसाठी लसूणघास लावणाऱ्याला या माणसाबद्दल आपोआप आदर वाटेल.

सिस्टेना सहा ते दहा फुटांपर्यंत वाढते. पान आधी फुटतं, फूल त्याच्या बरोबरीने किंवा किंचित मागून येतं, आणि त्याला मंद वास असतो. पान हिरवं, खालून लवदार आणि सुरकुतलेलं दिसलं, तर ती नानकिंग चेरी. ती मूळची चीन, कोरिया, मंगोलियाकडची आणि तिला खाण्याजोगी लाल फळं लागतात. फुलं गुलाबासारखी भरगच्च दुहेरी असतील आणि बारीक सरळ काड्यांना खालपासून वरपर्यंत चिकटून आली असतील, तर ते 'फ्लॉवरिंग आमंड'. फांद्या नागमोडी वळणाच्या असतील तर जपानच्या फुजी चेरीची 'कोजो-नो-माई' ही बुटकी जात, ती कुंडीतही लावतात. चौघींची निगा साधारण एकसारखी आहे, म्हणून खालची उत्तरं चौघींनाही चालतील. फरक असेल तिथे तसं लिहिलं आहे.

आमच्या जळगावला लागेल का?

नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि नुसत्या 'नाही'ने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

लोकांना वाटतं अडचण आपल्या मे महिन्याची आहे. पंचेचाळीस अंशांत झाड करपेल हे खरंच आहे, पण मोठी अडचण डिसेंबर-जानेवारीची आहे. आपला हिवाळा तिला पुरत नाही. चेरीच्या कुळातलं झाड शरद ऋतूत पानं गाळून झोपी जातं. त्या झोपेतून उठायला त्याला ठरावीक तास थंडी लागते, शून्य ते सात अंश सेल्सिअसच्या दरम्यानची. जातीप्रमाणे हे तास कमी-जास्त असतात, पण ते काही शेकड्यांत मोजावे लागतात. खायच्या चेरीच्या पुष्कळ जातींना तर ७०० ते १,००० तास आणि त्याहूनही अधिक लागतात. तेवढी थंडी मिळाली की झाडाचा आतला हिशेब पुरा होतो आणि मग ऊब आली की कळ्या उघडतात. थंडी कमी पडली तर कळ्या अर्धवट उघडतात, गळतात, पानं उशिरा आणि झुबक्याझुबक्याने येतात, आणि दोन-तीन वर्षांत झाड खंगून जातं.

लिंबू-मोसंबीवाल्याला हे चटकन समजतं. आंबे बहार धरायचा तर आपण बागेचं पाणी तोडून ताण देतो. ताण नीट बसला नाही तर फूल विस्कळीत येतं, बसला तर बाग एकदम फुलते. चेरीचा ताण पाण्याचा नसतो, थंडीचा असतो. आणि तो आपल्या हातात नाही.

आता जळगावचा जानेवारी बघा. पहाटे पारा दहाच्या खाली गेला की रावेर-यावलचा केळीवाला धास्तावतो, वाढ थांबेल म्हणून. पण ती थंडी पहाटेचे काही तास असते. दुपारी पुन्हा २८-३० अंश. दिवसाची ती ऊब रात्री साठलेली थंडी पुसून टाकते. केळीला जाचणारी थंडी चेरीला पुरत नाही, दोघींच्या गरजा इतक्या लांबच्या आहेत.

आणि तोरणमाळला? तिथं तर दव गोठतं.

तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटरवर आहे, सातपुड्यात. थंडीच्या लाटेत तिकडे गवतावरचं दव गोठतं हे खरं. पण चार पहाटे दव गोठणं वेगळं आणि दोन-तीन महिने सलग थंड राहणं वेगळं. सिस्टेना किंवा नानकिंग तिथे टिकणार नाही.

चेरीच्या कुळातलं एकच झाड या चर्चेत आणावंसं वाटतं. हिमालयातलं पद्म, म्हणजे प्रुनस सेरासॉइडीस. आयुर्वेदाच्या दुकानात पद्मकाष्ठ मिळतं ते याचंच लाकूड. ते साधारण १,२०० ते २,४०० मीटर उंचीवर वाढतं आणि त्याचं वेगळेपण असं की ते वसंतात नव्हे, पावसाळा सरल्यावर, हिवाळ्याच्या तोंडावर फुलतं. शिलाँगला नोव्हेंबरमध्ये चेरी ब्लॉसमचा उत्सव भरतो तो याच झाडाच्या जीवावर. पण ते झुडूप नाही, चांगलं मोठं झाड होतं. तोरणमाळला स्वतःच्या मालकीच्या जागेत कुणाला एखादं लावून बघायचं असेल तर बघावं, फुलेलच असं आश्वासन मी देणार नाही. रानात मात्र कुणी लावू नये. तिथल्या जंगलाला मोह, चारोळी, पळस आहेत, त्यांची जागा त्यांनाच राहू द्यावी.

ऑनलाइन 'चेरी ब्लॉसम'च्या बिया मिळतात, कुंडीतलं बोन्सायही मिळतं. मागवू का?

मागवू नका. शोभेच्या चेरीच्या नावाजलेल्या जाती कलमाने किंवा छाट कलमाने वाढवतात, बियांपासून आईसारखं झाड येत नाही. बी खरं चेरीचं असलं तरी ते ओलसर वाळूत घालून फ्रीजमध्ये तीन-चार महिने ठेवल्याशिवाय उगवत नाही, आणि उगवलं तरी वर सांगितलेली थंडी तुम्ही कुठून आणणार? घरातल्या बोन्सायलाही तोच नियम लागू आहे. एसीच्या खोलीत चेरी फुलत नाही.

येताना लेकीच्या अंगणातली एक फांदी बॅगेत आणली तर?

आणू नये. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार परदेशातून रोप, फांदी, बी आणायला आधी आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हा नुसता कागदी नियम समजू नका. एका काडीबरोबर खवले कीड, विषाणू, बुरशी येऊ शकते आणि आपल्याकडे बोरी, डाळिंब, केळी यांवर पोट असलेली हजारो घरं आहेत.

जातानाही तेच. गिलक्याच्या, मेथीच्या, भरताच्या वांग्याच्या बिया पुडीत बांधून नेण्याची आपली सवय जुनी आहे. पण पेरायच्या बियाण्याला तिकडेही आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि विमानतळावर ते जाहीर करावं लागतं. लपवून नेलं आणि सापडलं तर दंड होतो.

मन्हा भाऊ कॅनडामा ऱ्हास. त्यानी हाई झाड कोठे लावानं?

दादा, भावाला आधी त्याच्या गावाचा झोन बघायला सांगा. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यातल्या किमान तापमानावरून प्रदेशांचे झोन पाडलेले आहेत. अमेरिकन नकाशात झोन ३ म्हणजे उणे ४० ते उणे ३४ अंशांपर्यंत उतरणारा, झोन ४ म्हणजे उणे ३४ ते उणे २९. कॅनडाचा स्वतःचा नकाशाही आहे. रोपाच्या चिठ्ठीवर झोन छापलेला असतो. सिस्टेना आणि नानकिंग झोन ३ पर्यंत तग धरतात, फुजी चेरीला त्याहून सौम्य हिवाळा हवा.

जागा उन्हाची हवी, दिवसाला किमान सहा तास थेट ऊन. आपण इथे झाडाला सावली शोधतो, तिकडे उलट. सावलीत सिस्टेनाच्या पानांचा जांभळा रंग उतरून मळकट हिरवा होतो आणि फूल विरळ येतं. उताराच्या अगदी तळाशी लावू नये, कारण थंड हवा जड असते, रात्री ती खोलगटात साचते आणि उघडलेलं फूल मारते. गाडी लावायच्या रस्त्यालगतही नको. हिवाळ्यात बर्फ वितळवायला तिथे मीठ टाकतात, ते वितळून मातीत मुरतं आणि सोडियमने माती घट्ट होत जाते. तापीकाठची चोपण जमीन ज्यांनी कसली आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

खड्डा किती खोल घ्यायचा? दोन बाय दोन बाय दोन?

खड्डा घेण्याआधी फोन. अमेरिकेत ८११ हा क्रमांक फुकट आहे. खणायच्या काही दिवस आधी कळवायचं, मग माणसं येऊन जमिनीखालच्या गॅसच्या, विजेच्या, इंटरनेटच्या लाइनवर रंगाच्या खुणा करून जातात. कॅनडात प्रांताप्रांताची अशी सोय आहे. आपल्या बाबांना हे माहीत नसतं, मुलगा ऑफिसला गेलेला असतो, आणि गॅरेजमध्ये फावडं दिसतं. म्हणून हे मी प्रत्येकाला पहिल्यांदा सांगतो. काही वसाहतींत पुढच्या अंगणात काय लावावं याचेही नियम असतात, तेही मुलाला विचारून घ्या.

आता खड्डा. आपला दोन फुटी खड्डा, तळाला पाला, वर शेणखत आणि सुपर फॉस्फेट, हे सगळं तिकडे विसरायचं. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल आणि रुंदीला दुप्पट-तिप्पट. खोल खणून भुसभुशीत माती भरली की रोप पुढे खाली बसतं आणि बुंधा मातीत गाडला जातो. ज्या ठिकाणी खोड रुंदावून मुळात उतरतं तो भाग जमिनीच्या पातळीला किंवा बोटभर वरच राहिला पाहिजे. भरायला खणलेलीच माती वापरायची. चिकण मातीत फक्त खड्ड्यापुरती मऊ माती केली तर पाणी त्यात तुंबतं आणि मुळं त्याबाहेर जात नाहीत. माती फारच चिकण असेल तर सहा-आठ इंचांचा उंचवटा करून त्यावर लावा. चेरीला पाय ओले ठेवलेले अजिबात चालत नाहीत.

रोप कुंडीतलं असेल तर मुळं गोल गोल फिरलेली असतात. बाजूने दोन-तीन उभे छेद द्या, मग लावा. त्यात हयगय झाली तर पाच वर्षांनी तीच मुळं खोडाला आवळतात.

लावायची वेळ म्हणजे जमीन वितळल्यावरचा वसंत. मिनेसोटात हिवाळ्यात जमीन इतकी खोल गोठते की घराचा पाया साडेतीन ते पाच फूट खाली न्यावा लागतो. त्यामुळे उशिरा लावलेल्या रोपाला मुळं धरायला वेळच मिळत नाही. तुम्ही गुढीपाडव्यानंतर निघत असाल तर नेमके वेळेवर पोचता.

पाणी रोज द्यायचं ना?

रोज नको. पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा, पण सावकाश आणि खोल. मातीत बोट दोन इंच खुपसून बघा, ओल लागली तर त्या दिवशी राहू द्या. आपल्यासारखं आळं करून तुडुंब भरायचं नाही. पहिल्या उन्हाळ्यात पाणी अडवायला हलकी कड चालेल, पण शरदात ती मोडून टाका, नाही तर खोडाभोवती पाणी साचून तिथेच गोठतं. पानगळीनंतर, जमीन गोठण्याआधी, एक भरपूर पाणी द्यायचं.

आणि खत?

थोडकं. खोडापासून हातभर लांब कंपोस्टचा पातळ थर, वसंतात, एकदा. जुलैनंतर नत्र अजिबात नको. उशिरा दिलेल्या नत्राने कोवळी फूट येते, ती पिकायच्या आत थंडी येते आणि शेंडे काळे पडतात.

छाटणी केव्हा? मी तर फेब्रुवारीत सगळ्या बागेला कात्री लावतो.

अप्पा, इथेच बहुतेकांचं फूल जातं, म्हणून हे उत्तर मुलाच्या फ्रीजवर लावून ठेवा. चेरीची फुलाची कळी आदल्या उन्हाळ्यातच जुन्या लाकडावर तयार होते आणि हिवाळाभर काडीवर बसून राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कात्री लावली की तुम्ही त्या वर्षीचं फूल कापता. शरदात कापलं तरी तेच, शिवाय जखम भरून यायला ऊब मिळत नाही.

योग्य वेळ फूल ओसरल्यावर लगेचची. त्या थंड प्रदेशांत फूल एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत असतं, म्हणजे आपल्याकडे आखाजीचे झोके आणि आमरस चालू असतो त्याच सुमाराला. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत, कोरडा दिवस बघून छाटा. ओल्या हवेत चेरीच्या ताज्या जखमेतून 'सिल्व्हर लीफ' नावाची बुरशी शिरते, पानांवर चंदेरी झाक येते आणि फांदीमागून फांदी मरते.

काय छाटायचं? आधी मेलेलं, मोडलेलं, एकमेकांवर घासणारं. मग सगळ्यांत जुन्या जाड फांद्यांपैकी एक तृतीयांश अगदी बुडापासून. पुढच्या वर्षी आणखी एक तृतीयांश. तीन वर्षांत झुडूप नवं होतं आणि एकदाही उघडंबोडकं दिसत नाही. मेंदीच्या कुंपणासारखं वरून सपाट कापू नका, त्याने वर पानांचं छप्पर आणि खाली नुसत्या काठ्या राहतात. बुडाशी हिरव्या पानांची फूट दिसली तर ती कलमाच्या खुंटाची असू शकते, ती उगमापाशी ओढून काढा. मोसंबीचे पानसोट काढणाऱ्याला हे काम शिकवावं लागत नाही.

आणि जखमेवर काही लावायचं नाही, रंगही नाही, पेस्टही नाही. स्वच्छ कापलेली जखम झाड स्वतः भरून काढतं.

पानं छान आहेत, पण फूलच आलं नाही. का?

छाटणी कधी केली ते आधी विचारा, अर्ध्याहून अधिक वेळा उत्तर तिथेच सापडतं. छाटणी बरोबर असेल तर सावली वाढली का ते बघा, शेजाऱ्याचा मेपल पाच वर्षांत केवढा तरी पसरतो. हिरवळीला घातलेलं नत्र झुडपापर्यंत पोचत असेल तर पानंच पानं येतात.

यातलं काहीच नसेल तर थंडीचा घाला. ऐन हिवाळ्यात बंद कळी पुष्कळ सोसते, पण उमलू लागली की तिची ताकद जाते. उघडलेल्या चेरीच्या फुलाला उणे दोन अंश, म्हणजे तिथल्या थर्मामीटरवर २८ फॅरनहाइट, लागले की नुकसान सुरू होतं आणि उणे चारला जवळपास सगळं जातं. झुडूप लहान असेल तर अशा रात्री जुनी चादर जमिनीपर्यंत टेकेल अशी टाकावी आणि सकाळी काढावी. प्लास्टिक नको, ते जिथे पानाला चिकटतं तिथेच फूल गोठतं.

खोडातून डिंक गळतोय. आपल्या मोसंबीला होतो तोच डिंक्या का?

दिसायला तसाच, कारणं वेगळी. चेरीचं कूळ कुठल्याही जखमेला डिंकानेच उत्तर देतं, त्यामुळे डिंक हे लक्षण आहे, रोगाचं नाव नव्हे. डिंक स्वच्छ, मधासारखा असेल तर बहुधा गवत कापायच्या यंत्राची ठेच, बुडाशी तुंबलेलं पाणी किंवा जिवाणूंचा करपा. जमिनीलगत डिंक असेल आणि त्यात लाकडाचा भुसा मिसळलेला असेल तर आत खोडकिडा आहे. तो एका पतंगाची अळी असतो, पतंगाचे पंख पारदर्शक असतात आणि तो गांधीलमाशीसारखा दिसतो. एखादी फांदी पोखरली असेल तर ती बुडातून काढून जाळा. सगळं खोडच पोखरलं असेल तर झुडूप काढून टाका आणि त्याच जागी पुन्हा चेरी किंवा प्लम लावू नका. औषध मारायचं तर त्या राज्याच्या कृषी विस्तार सेवेला विचारूनच. इथल्या दुकानातली औषधांची नावं तिकडे नेऊन उपयोग नाही.

जुलैत पानांची चाळण झाली. हिरवे-तांबूस भुंगेरे आहेत.

जपानी भुंगेरे. आपल्या हुमणीच्याच कुळातले. त्यांच्या अळ्या हिरवळीची मुळं खातात आणि वर आलेले भुंगेरे पानांची जाळी करतात. सिस्टेनाची पानं त्यांची फार आवडती. सकाळी थंडीत ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या भांड्यात झटकून टाका. वासाचे सापळे लावू नका, त्याने चार घरांचे भुंगेरे तुमच्याच अंगणात जमतात. रोज सकाळी दहा मिनिटांचं हे काम आजी-आजोबा आणि नातवंडं मिळून छान करतात, आणि नातवंडांना किडीची ओळखही होते.

फांद्यांवर काळ्या, खरबरीत, लांबट गाठी दिसल्या तर ती 'ब्लॅक नॉट' बुरशी. ही एकच छाटणी हिवाळा संपता संपता करायची, गाठीच्या खाली किमान चार इंच सोडून, आणि कापलेला तुकडा अंगणात ठेवायचा नाही.

बर्फाआधी काय तयारी करायची?

खोडाभोवती दोन-तीन इंच लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन घाला, पण खोडाला टेकवू नका, चार बोटं जागा मोकळी सोडा. आच्छादन थंडी अडवायला नसतं. जमीन गोठणं-वितळणं वारंवार होऊ नये, त्यात मुळं वर उचलली जाऊ नयेत, यासाठी ते असतं.

मग ससे आणि उंदीर. बर्फात खायला काही नसतं आणि चेरीची साल त्यांना गोड लागते. सगळीकडून साल कुरतडली की वसंतात वरचं झुडूप मेलेलंच. बारीक छिद्रांच्या जाळीचं नळकांडं खोडांभोवती उभं करा, तळ मातीत दोन-तीन इंच गाडा आणि उंची बर्फाच्या नेहमीच्या थराहून दीड-दोन फूट जास्त ठेवा, कारण ससा बर्फावर उभा राहून खातो. ओला जड बर्फ फांद्यांवर साचला तर झाडूने खालून वर हलकेच उचलून पाडा. बर्फाचं काचेसारखं कवच बसलं असेल तर हातही लावू नका, फांदी तुटते.

फळं खाता येतात का? घरात लहान मुलं आहेत.

सिस्टेनाची फळं छोटी, काळपट, आंबट. गर विषारी नाही. नानकिंगची लाल फळं चांगली लागतात, मुरंबा आणि सरबतही होतं. फक्त तिची दोन वेगवेगळी झुडपं जवळ असावी लागतात, एकट्या झुडपाला फळ कमी धरतं. बी मात्र चावू-फोडू द्यायचं नाही. चेरीच्या कुळात बी, पानं आणि कोवळ्या काड्या यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, आणि पान कोमेजलं की धोका वाढतो. म्हणून छाटलेल्या फांद्या कधीही शेळ्या-मेंढ्या, गुरं किंवा घोड्यांपुढे टाकू नका. आपल्याकडे छाटलेला पाला शेळीला घालणं ही इतकी सहज सवय आहे की मी हे दोनदा सांगतो. पाळीव ससा असेल तर त्यालाही नको.

किती वर्षं टिकतं?

सिस्टेना दहा-पंधरा वर्षं. नानकिंग त्याहून पुष्कळ जास्त. सिस्टेना मेली म्हणजे निगेत काही चुकलं असं समजू नका, तिचं आयुष्यच तेवढं.

मग इथे खान्देशात त्या गुलाबी बहराच्या जागी काय लावू?

इथला बहर तिथल्याहून कमी नाही, आपण बांधावरच्या झाडाला अंगणात मान देत नाही एवढंच. गिरिपुष्प घ्या. जानेवारी ते मार्चमध्ये पानं गळालेल्या फांद्यांवर फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांचे तुरे असे दाटतात की फोटोत लोक चेरीच समजतात. फांदी खोचली तरी जगते, पाला हिरवळीच्या खताला उत्तम, पाणी जेमतेम.

सातपुड्याच्या उतारांवरची धायटी मला यात सगळ्यांत जवळची वाटते, कारण ती खरंच झुडूप आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फांदीभर लाल नळीसारखी फुलं असतात आणि शिंजीर पक्षी त्यांवर लोंबकळत असतात. मुरमाड, हलक्या जमिनीत ती खूश असते. रानातून उपटून मात्र आणू नका, वनविभागाच्या किंवा देशी झाडांच्या रोपवाटिकेत विचारा. जागा मोठी असेल तर ताम्हण, आपल्या राज्याचं फूल, एप्रिलपासून जांभळ्या तुऱ्यांनी भरतं. फक्त त्याला पाणी हवं, विहिरीजवळ किंवा पाटाकडेला लावा. कांचनही सुंदर.

आणि चेरीसारखंच आटोपशीर, सहा-आठ फुटांचं, गुलाबी झुडूप हवं असेल तर सावनी. ती ताम्हणाचीच धाकटी बहीण, लॅजरस्ट्रोमिया इंडिका. फुलांच्या पाकळ्या क्रेपच्या कागदासारख्या चुरगळलेल्या, रंग गुलाबी, पांढरा, जांभळा. पावसाळ्यात, कानबाईच्या दिवसांत ती भरात असते. काळ्या जमिनीत चालते, पण पाणी साचू नये म्हणून उंचवटा करा. उन्हात लावा, सावलीत पानांवर भुरी येते.

सावनीची छाटणीही फुलानंतरच करायची का?

नाही, हिचा नियम चेरीच्या बरोबर उलटा आहे. सावनीला फूल त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतं. म्हणून जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, पानं गळालेली असताना, गेल्या वर्षीच्या काड्या निम्म्याने कमी करा आणि आतल्या बारीक फांद्या काढून हवा खेळती ठेवा. मग टोपलीभर कुजलेलं शेणखत, त्यावर पऱ्हाट्यांच्या चुऱ्याचं किंवा केळीच्या वाळल्या पानांचं आच्छादन, आणि फूट दिसू लागली की आठवड्याला एक पाणी. मे महिन्यात दोन द्या. पहिला बहर ओसरल्यावर वाळलेले तुरे खुडले तर काही आठवड्यांनी बहुधा दुसरा बहर येतो.